चाचणी सायकलपटूंची, कसोटी विश्वासाची

(प्रतिनिधी)

काशीद (ता. मुरूड, जि. रायगड) : मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरायचे, अलिबाग मागे टाकायचे, रेवदंड्याच्या खाडीवरील पूल ओलांडायचा आणि कोर्लई, बोर्ली करीत काशीदच्या किनाऱ्यावर यायचे, हा मुंबईच्या हौशी सायकलपटूंचा आवडता रस्ता आहे. सुटीच्या दिवशी सकाळी, मोटारींची गर्दी सुरू होण्यापूर्वी, तो जणू त्यांचाच असतो. किनाऱ्यावरील टपऱ्यांवर शहाळ्याचे पाणी पिताना गप्पा टायर, गिअर आणि चढांवरून ‘टूर दी फ्रान्स’कडे वळतात. मग तादेई पोगाचारचे कौतुक होते आणि त्या पाठोपाठ कोणीतरी हमखास विचारतो, ‘पण हे सगळे खरे असेल ना?’

या ‘पण’मध्ये व्यावसायिक सायकलिंगचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास सामावला आहे. २००० मध्ये क्रिकेटमधील सामना निश्चितीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा भारतीय प्रेक्षकांनीही हीच मनःस्थिती अनुभवली होती. झेल सुटला, की हळहळ वाटण्याआधी शंका येत असे. क्रिकेट त्यातून बऱ्याच अंशी सावरले. सायकलिंगचा प्रेक्षक मात्र १९९८ पासून आजतागायत एक डोळा शर्यतीवर आणि दुसरा प्रयोगशाळेच्या अहवालावर ठेवून बसला आहे.

आतापर्यंत हा प्रश्न आपल्यासाठी आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांपुरता होता. आता तो सह्याद्रीत येऊन पोहोचला आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. या दर्जाची बहुटप्प्यांची शर्यत भारतात प्रथमच होत होती. परदेशी व्यावसायिक संघ पुण्याच्या रस्त्यांवर धावले आणि ते पाहण्यासाठी लोक दुतर्फा उभे राहिले. या शर्यतीतील कोणाविषयीही शंका घेण्याचे येथे कारण नाही. परंतु शर्यत आली, की तिच्याबरोबर पैसा, प्रतिष्ठा आणि मोहही येतात. त्यांच्या स्वागताची आपली तयारी कितपत आहे, हे तपासण्याची वेळ शर्यत नवी असतानाच असते.

‘घाटाचा राजा’ ते ‘ग्रँड टूर’

महाराष्ट्राला सायकल शर्यतीचे वेड नवे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत अनेक दशके बोरघाटातून गेली आणि खंडाळ्याचा चढ सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत राहिला. सांगली, कोल्हापूर, पुणे आणि मुंबईतील खेळाडूंनी साध्या सायकलींवर ही परंपरा जगविली. नंतरच्या पिढीने अतिदीर्घ अंतराच्या शर्यतींचा ध्यास घेतला. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली.

या यशावर लोकांनी भरभरून प्रेम केले, याचे कारण त्यातील कष्टांवर त्यांचा विश्वास होता. मात्र या खेळांत हौस हाच मुख्य मोबदला होता. व्यावसायिक रस्ता शर्यतीत गुण, करार आणि पारितोषिके असतात, खेळाडूचे पोट त्यावर चालते आणि दुसऱ्या क्रमांकाची किंमत झपाट्याने कमी होते. युरोपात विश्वासाला तडे गेले ते याच ठिकाणी.

विश्वास गेला कसा?

८ जुलै १९९८ रोजी, टूर सुरू होण्याच्या तोंडावर, फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएट याची मोटार फ्रान्स-बेल्जियम सीमेवर अडविण्यात आली. तीत एरिथ्रोपोएटिन म्हणजे ‘ईपीओ’, वाढीचे संप्रेरक आणि इतर औषधांचा मोठा साठा सापडला. एखाद्या खेळाडूचे पाऊल घसरणे वेगळे आणि संघाचे डॉक्टर, व्यवस्थापक व मदतनीस यांनी मिळून चालविलेली व्यवस्था वेगळी. फेस्टिना प्रकरणाने ही व्यवस्था जगासमोर आली.

पुढच्याच वर्षी कर्करोगावर मात करून परतलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने टूर जिंकली. १९९९ ते २००५ अशी सलग सात विजेतेपदे त्याने मिळविली. त्याच्या संस्थेची पिवळी मनगटपट्टी जगभर कोट्यवधींच्या संख्येने विकली गेली. या काळात त्याच्या शेकडो चाचण्या झाल्या आणि त्यांपैकी एकीनेही त्याच्यावर बंदी आणली नाही. अखेर त्याला उघडे पाडले ते साक्षीदारांनी. अमेरिकेच्या उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्णयामागे २६ जणांच्या साक्षी होत्या आणि त्यांतील १५ जण स्वतः सायकलपटू होते. सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ती दुसऱ्या कोणालाही देण्यात आली नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवर गुन्हा कबूल केला.

या प्रकरणात औषधांइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे ती सत्य बोलणाऱ्यांना मिळालेल्या वागणुकीची. फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासाँ हा १९९९ च्या टूरमध्ये वृत्तपत्रातून उत्तेजकांविषयी उघडपणे लिहीत होता. त्याला सहकाऱ्यांनी वाळीत टाकले, आर्मस्ट्राँगने त्याला शर्यत सोडून जाण्यास सुनावले आणि अखेर तो गेला. इटलीच्या फिलिपो सिमेओनीने डॉ. मिकेले फेरारी यांच्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली होती. २००४ च्या टूरमध्ये तो आघाडीवर निसटण्याचा प्रयत्न करताच पिवळ्या जर्सीतील आर्मस्ट्राँगने स्वतः त्याचा पाठलाग केला आणि नंतर कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. विजेत्याला त्या सिमेओनीपासून शर्यतीत कसलाही धोका नव्हता. शिक्षा बोलण्याची होती आणि ती लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत झाली.

प्रेक्षकांचा विश्वास उडाला तो एवढ्यासाठी. माणूस चूक करतो, हे प्रेक्षकाला मान्य असते. चूक सर्वांना ठाऊक असून केवळ आपल्यालाच ती सांगितली गेली नाही, ही फसवणूक मात्र तो विसरत नाही.

पकडण्याचे शास्त्र

ईपीओ हे मूळचे मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वरदान ठरलेले औषध. ते रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. पेशी वाढल्या, की स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि लांबच्या चढावर खेळाडू उशिरा थकतो. हे संप्रेरक शरीरातही तयार होत असल्याने बाहेरून घेतलेले कोणते आणि मूळचे कोणते, हे ओळखणे कठीण होते. म्हणून महासंघाने १९९७ मध्ये पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याचा विपरीत परिणाम असा झाला, की ५० टक्क्यांच्या आत राहून औषध घेण्याचे तंत्र विकसित झाले. प्रत्यक्ष ईपीओ शोधणारी चाचणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या सुमारास आली, तेव्हा काही जण स्वतःचेच रक्त साठवून शर्यतीत परत टोचून घेण्याकडे वळले.

२००८ मध्ये सायकलिंगने ‘जैविक पारपत्र’ सुरू केले. यात औषध शोधण्याऐवजी खेळाडूच्या रक्ताचा इतिहास ठेवला जातो. हिमोग्लोबिन, नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण अशा नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या जातात आणि त्यांत अनैसर्गिक चढउतार दिसल्यास तज्ज्ञांची समिती जाब विचारते. चोर सापडला नाही तरी घरातील वस्तू हललेल्या दिसाव्यात, तसे हे आहे. इतर अनेक खेळांनी ही पद्धत पुढे स्वीकारली. आज सायकलिंगमधील चाचण्यांचे काम आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे म्हणजे महासंघाच्या बाहेर सोपविण्यात आले आहे. शर्यत भरविणाऱ्याने शर्यतीची चौकशी करू नये, हा धडा या खेळाने फार मोठी किंमत मोजून घेतला.

एवढे करूनही प्रेक्षक निःशंक झाला आहे काय? नाही. सायकलला लपविलेली मोटार हा प्रकार २०१६ च्या जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धेत प्रत्यक्ष सापडला आणि बेल्जियमच्या युवा खेळाडूवर सहा वर्षांची बंदी आली. तेव्हापासून सायकलींचीही चुंबकीय आणि क्ष-किरण तपासणी होते. २०२४ मध्ये काही संघ उंचावरील सरावाचा परिणाम मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइड वायूचा वापर करीत असल्याचे उघड झाले. त्या वेळी ते नियमबाह्य नव्हते. महासंघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या वारंवार वापरावर निर्बंध घातले आणि जागतिक संस्थेने २०२६ च्या यादीत निदानाव्यतिरिक्तचा वापर निषिद्ध ठरविला. कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्यामधील हा करडा पट्टा प्रेक्षकाला सर्वाधिक अस्वस्थ करतो.

संशय आणि पुरावा

१४ जुलै २०२४ रोजी पोगाचारने प्लाटो द बेय हा पिरेनीजमधील चढ १९९८ मधील मार्को पांतानीच्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केला. ईपीओच्या भरातील विक्रम स्वच्छ खेळाडू मोडू शकतो का, हा प्रश्न तत्काळ विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. उत्तराची दुसरी बाजूही तितकीच विचारात घ्यावी लागते. पंचवीस वर्षांत सायकली, टायर आणि कपडे बदलले. तासाला १०० ग्रॅमहून अधिक पिष्टमय पदार्थ पचविण्याचे आहारशास्त्र आले. संघ पायथ्यापासूनच वेग ठेवू लागले. पोगाचारची एकही चाचणी आजवर दोषी आढळलेली नाही. आर्मस्ट्राँगचा अनुभव असलेल्या चाहत्याला हे वाक्य पुरेसे वाटत नाही, ही त्या चाहत्याची शोकांतिका आहे. पण केवळ वेगवान असणे हा पुरावा मानला, तर प्रामाणिक खेळाडूला निर्दोष ठरण्याचा मार्गच उरत नाही.

या संदर्भात दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ब्रिटनचा ख्रिस फ्रूम याच्या सप्टेंबर २०१७ मधील नमुन्यात दम्याच्या साल्ब्युटामॉल या औषधाचे प्रमाण मर्यादेच्या दुप्पट निघाले. ते जाहीर झाले नाही. डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांनी फोडले तेव्हा लोकांना कळले आणि जुलै २०१८ मध्ये, टूरच्या काही दिवस आधी, तो निर्दोष ठरला. निकाल शास्त्रावर टिकणारा असेलही, पण तो येईपर्यंत रस्त्याकडेचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले होते.

दुसरे प्रकरण मुंबईचे. क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. हेही साल्ब्युटामॉलच्या गटातीलच औषध, खोकल्याच्या साध्या सिरपमध्ये असणारे. क्रिकेट मंडळाने अनवधानाचा खुलासा मान्य करून आठ महिन्यांची बंदी पूर्वलक्षी प्रभावाने लावली. ती जाहीर झाली तेव्हा तिचे चार महिने उलटून गेले होते आणि दरम्यान तो खेळतही होता. त्या वेळी मंडळ स्वतःच्या खेळाडूंच्या चाचण्यांची व्यवस्था स्वतःच पाहत होते. काही दिवसांतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, मंडळाने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे म्हणजे ‘नाडा’चे अधिकार मान्य केले. दोन्ही प्रकरणांत औषधाहून अधिक नुकसान केले ते विलंबाने आणि बंद दारांनी.

आपल्या घरातील आकडे

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारताने ५,६०६ नमुने तपासले आणि २१४ दोषी आढळले. हे प्रमाण ३.८ टक्के होते. २०२४ मध्ये नमुने ७,११३ झाले, दोषी २६० आणि प्रमाण ३.६ टक्के. त्याच वर्षी टूरच्या मायभूमीत, फ्रान्समध्ये, ११ हजारांहून अधिक नमुन्यांत ९१ दोषी निघाले, तर चीनमध्ये २४ हजारांहून अधिक नमुन्यांत ४३. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत भारताचे प्रमाण सर्वाधिक आहे. दोषी नमुना म्हणजे लगेच गुन्हा नव्हे, कारण काहींना वैद्यकीय कारणास्तव सूट असते. चाचण्या वाढल्या म्हणजे पकडले जाणारेही वाढतात, हेही खरे. पण चाचण्या वाढल्याने संख्या वाढते, टक्केवारी नव्हे. टक्केवारी आपल्या खेळसंस्कृतीविषयी बोलते.

तिचे दर्शन सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत घडले. राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’चे अधिकारी आल्याचे कळताच स्पर्धक पसार झाले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. व्यवस्थाही निर्दोष नाही. दिल्लीतील राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली आणि ती डिसेंबर २०२१ मध्येच परत मिळाली. २०२२ च्या कायद्याने स्थापन होणाऱ्या राष्ट्रीय मंडळाला दिलेल्या अधिकारांवर जागतिक संस्थेने स्वायत्ततेच्या मुद्द्यावरून आक्षेप घेतला. २०२५ मध्ये संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

महाराष्ट्राला स्वायत्ततेचा अर्थ २०१६ मध्ये कळला होता. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकपूर्वी चाचणीत अडकला. आपल्याविरुद्ध कट झाला, हा त्याचा दावा ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्ट रोजी मान्य केला आणि राज्यात आनंद झाला. १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने तो फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. आपल्या मल्लावर अन्याय झाला, असे मानणारे चाहते आजही आहेत. देशातील निवाडा बाहेरच्या कसोटीवर टिकत नाही, तेव्हा दोषी कोण हे शेवटपर्यंत लोकांच्या मनात ठरत नाही. संशयाचे बीज असे रुजते.

वाळूवरील शर्यत, रस्त्यावरील शिक्का

काशीद-मुरूडच्या या किनारपट्टीला शर्यत आणि शंका या दोहोंची जुनी ओळख आहे. अलिबाग-मुरूड पट्ट्यात ओहोटीच्या वाळूवर बैलगाड्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती लागतात. जोडी अनपेक्षित पळाली, की ‘बैलांना काय पाजले?’ हा प्रश्न गर्दीतून उठतोच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकीय तपासणी यांशिवाय शर्यत भरविता येत नाही. बाहेरच्या यंत्रणेची नजर असणे ही शर्यत टिकण्याची अट बनली. जे बैलांच्या शर्यतीला लागू होते, ते माणसांच्या शर्यतीला अधिकच लागू व्हावे.

याच रस्त्यांवर सायकलिंगचे दुसरे टोकही दिसते. ‘ब्रेव्हे’ या २०० ते ६०० किलोमीटरच्या मोहिमांत पहिला क्रमांक नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे आणि वाटेतील ठाण्यांवर कार्डावर नोंद घ्यायची. तेथे फसविण्यासारखे कोणी नसते, स्वतःखेरीज. पण बक्षिसाची रक्कम असलेल्या स्थानिक शर्यतींची गोष्ट निराळी आहे. तेथे चाचणी क्वचितच होते आणि उद्याचा व्यावसायिक खेळाडू तेथेच घडतो. व्यायामशाळेतील भुकटी, ओळखीच्या औषधविक्रेत्याचा सल्ला आणि ‘सगळेच घेतात’ हे वाक्य त्याला तेथेच भेटते.

पुढे काय?

‘ग्रँड टूर’सारख्या शर्यतींमुळे रस्ते सुधारतील, पर्यटन वाढेल, मुले सायकलकडे वळतील. या साऱ्याच्या मुळाशी प्रेक्षकाचा विश्वास आहे आणि तो निर्माण करण्याचे उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक मोठ्या शर्यतीनंतर किती नमुने घेतले, किती तपासले आणि निकाल कधी आले, हे आकडे आयोजकांनी प्रसिद्ध करावेत. राज्यातील कुमार गटापासून उत्तेजकांविषयीचे शिक्षण सक्तीचे व्हावे. औषध निषिद्ध आहे का, हे पाहण्यासाठी ‘नाडा’चे ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप आहे. ते प्रत्येक प्रशिक्षकाच्या हाती असलेच पाहिजे. खेळाडूबरोबर त्याला औषध देणाऱ्या प्रशिक्षकावर आणि डॉक्टरवरही कारवाई व्हावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गैरप्रकार सांगणाऱ्या खेळाडूला संघातून काढले जाणार नाही, याची हमी संघटनांनी लेखी द्यावी. बासाँ आणि सिमेओनी यांचे ऐकले असते, तर सायकलिंगची काही वर्षे तरी वाचली असती.

प्रेक्षकांची आणि पत्रकारांचीही जबाबदारी आहेच. पुराव्याविना विजेत्याला चोर ठरवायचे नाही आणि आपला आहे म्हणून पुराव्याकडे डोळेझाकही करायची नाही, ही शिस्त कठीण आहे. आपल्या मल्लाबाबत आणि आपल्या फलंदाजाबाबत ती आपल्याला जमली, असे म्हणता येणार नाही. उद्या सह्याद्रीचा एखादा चढ मराठी मुलाने परदेशी व्यावसायिकांच्या पुढे राहून जिंकला, तर त्याला निखळ टाळी मिळायला हवी. त्या टाळीत ‘पण’ नसावा, असे वाटत असेल, तर त्याची तपासणी निष्पक्ष झाली आहे, याची खात्री त्या क्षणाच्या कितीतरी आधी झालेली असली पाहिजे. विजयानंतर दिलेल्या खुलाशांनी विश्वास परत येत नाही, हे सायकलिंगच्या इतिहासाने पुरेसे स्पष्ट केले आहे.